परिचारिका व्हायचेय? आराखडा शेवटाकडून आखा

खास प्रतिनिधी, कर्जत

बारावीची परीक्षा संपली की कर्जत रेल्वे स्थानकालगतच्या भिसेगावात, मुद्रे-दहिवलीत किंवा खोपोलीच्या चाळींमध्ये घरोघरी एकच प्रश्न चर्चेला येतो : पुढे काय? एखादी मुलगी ‘मला नर्सिंग करायचे आहे’ असे सांगते आणि घरातली वडीलधारी मंडळी सहसा मान डोलावतात. नोकरीची खात्री, समाजात मान आणि चार लोकांच्या उपयोगी पडण्याचे समाधान या तिन्ही गोष्टी या पेशात आहेत, हे सर्वांना ठाऊक असते. अडचण सुरू होते ती त्यानंतर. ‘नर्सिंग’ या एकाच शब्दाखाली दोन वर्षांचा, तीन वर्षांचा आणि चार वर्षांचा असे तीन स्वतंत्र अभ्यासक्रम येतात. त्यांच्या पात्रता वेगळ्या, परीक्षा घेणाऱ्या संस्था वेगळ्या आणि त्यातून मिळणाऱ्या नोकऱ्याही वेगळ्या. शिवाय सहा महिन्यांत किंवा वर्षभरात ‘नर्स’ बनविण्याचे आश्वासन देणारे वर्ग जागोजागी असतात. त्यांचे प्रमाणपत्र हाती आल्यावर, आपण परिचारिका झालोच नाही, हे दोन वर्षांनी कळते. तोवर पैसा गेलेला असतो आणि वयही.

हे टाळण्याचा मार्ग अवघड नाही. मात्र त्यासाठी विचाराची दिशा उलटी करावी लागते. ‘जवळ कोणते कॉलेज आहे’ किंवा ‘कुठे लवकर प्रवेश मिळेल’ या प्रश्नापासून सुरुवात न करता शेवटापासून सुरुवात करावी. तो शेवट म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषदेतील नोंदणी.

नोंदणी हीच खरी ओळख

पांढरा गणवेश घातला आणि रुग्णालयात नोकरी लागली म्हणजे कोणी परिचारिका होत नाही. वकिलाला सनद आणि डॉक्टरला वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो, तसाच परिचारिकेलाही नोंदणी क्रमांक लागतो. राज्यात ही नोंदणी ‘महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६’ या कायद्याखालील महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. देशपातळीवर अभ्यासक्रमाचा दर्जा ठरविण्यासाठी १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. २०२३ मध्ये संसदेने ‘राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा’ संमत केला असून, या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे प्रवेश घेताना मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबून न राहता त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे आवश्यक ठरते.

नोंदणी नसेल तर शासकीय भरतीचा अर्जच भरता येत नाही, नामवंत खासगी रुग्णालये दारात उभे करीत नाहीत आणि परदेशाचा विचारही करता येत नाही. काही छोट्या रुग्णालयांत अप्रशिक्षित मुलींना ‘सिस्टर’ म्हणून कामावर ठेवले जाते, हे उघड गुपित आहे. तेथे कामाचा अनुभव मिळतो, पण तो कोठेही ग्राह्य धरला जात नाही. पगार वाढत नाही आणि काही चूक घडली तर पाठीशी कायद्याचे संरक्षणही नसते. ‘रुग्ण सहायक’ किंवा ‘पेशंट केअर’चे अल्पमुदतीचे वर्ग वाईट असतात असे नाही. घरी आजारी माणसाची देखभाल करणाऱ्यांची शहरांत गरज आहेच. परंतु तो वेगळा व्यवसाय आहे. त्या वाटेने कितीही वर्षे चालले तरी नोंदणीकृत परिचारिकेच्या पदापर्यंत पोहोचता येत नाही.

तीन दरवाजे

पहिला दरवाजा ‘एएनएम’चा, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका या अभ्यासक्रमाचा. मुदत दोन वर्षे. बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण झालेल्या मुलींना तो खुला आहे; मुलांना नाही. गावपातळीवरील आरोग्यसेवा हा त्याचा गाभा : गरोदर मातांची तपासणी, प्रसूती, बालकांचे लसीकरण, कुटुंबनियोजन आणि साथीच्या रोगांची नोंद. उपकेंद्रात भेटणाऱ्या ‘आरोग्य सेविका’ याच वाटेने आलेल्या असतात.

दुसरा दरवाजा ‘जीएनएम’चा, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या पदविकेचा. मुदत तीन वर्षे. बारावीला कोणतीही शाखा चालते. मात्र इंग्रजी विषय हवा आणि किमान ४० टक्के गुण हवेत. मुलगे आणि मुली दोघांनाही प्रवेश मिळतो. रुग्णालयातील ‘स्टाफ नर्स’ अर्थात अधिपरिचारिका या पदासाठी ही पदविका ग्राह्य आहे. एएनएम आणि जीएनएम या दोन्ही अभ्यासक्रमांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते.

तिसरा दरवाजा चार वर्षांच्या ‘बी.एस्सी. नर्सिंग’ पदवीचा. येथे मात्र अट कडक आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि त्यांत एकत्रित किमान ४५ टक्के गुण हवेत. मागासवर्गीय उमेदवारांना गुणांत सवलत आहे. राज्यातील या अभ्यासक्रमाच्या बहुतेक महाविद्यालयांची संलग्नता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी असते. प्रवेशासाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची स्वतंत्र सीईटी द्यावी लागते. अभिमत विद्यापीठे आपली प्रवेशप्रक्रिया वेगळी राबवितात.

तिन्ही अभ्यासक्रमांना प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात.

निर्णय बारावीनंतर नव्हे, दहावीनंतर

वरील अटी वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते. पदवीचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर निर्णय अकरावीच्या प्रवेशावेळीच घ्यावा लागतो. शिकवणीचा खर्च परवडत नाही म्हणून अनेक मुली कला किंवा वाणिज्य शाखा निवडतात. पुढे नर्सिंगचा विचार पक्का होतो तेव्हा चार वर्षांच्या पदवीची वाट बंद झालेली असते. ज्यांना या क्षेत्राची थोडीशीही ओढ आहे, त्यांनी विज्ञान शाखा घेऊन जीवशास्त्र सोडू नये. गणित हा विषय मात्र या अभ्यासक्रमासाठी सक्तीचा नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

कला किंवा वाणिज्य शाखा आधीच घेतली असेल तरी निराश होण्याचे कारण नाही. बारावीनंतर तीन वर्षांची जीएनएम पदविका, परिषदेत नोंदणी आणि त्यानंतर दोन वर्षांची ‘पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग’ ही वाट त्यांच्यासाठी आहे. एकूण पाच वर्षांत पदवी हाती येते. म्हणजे थेट पदवीपेक्षा एकच वर्ष अधिक. शिवाय मध्येच नोकरी करून पुढच्या शिक्षणाचा खर्च जमविण्याची सोय त्यात आहे. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलीला ही वाट पुष्कळदा अधिक मानवते. एएनएम हा मात्र तुलनेने लहान पल्ल्याचा मार्ग आहे. गावातच राहून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात काम करण्याची ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांनी तो अवश्य निवडावा. केवळ ‘एक वर्ष वाचते’ म्हणून निवडू नये.

संस्था कशी पारखावी?

शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी संस्थेला चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदावर पाहावीत. पहिला : या अभ्यासक्रमाला, या वर्षासाठी, किती जागांची मान्यता आहे? मान्यता संस्थेला असून भागत नाही. ती त्या अभ्यासक्रमाला असावी लागते. परिषदेच्या आणि परीक्षा मंडळाच्या संकेतस्थळांवरील याद्यांशी उत्तर ताडून पाहावे. दुसरा : परीक्षा कोण घेते? विद्यापीठ किंवा राज्याचे मंडळ यांच्याऐवजी एखाद्या अनोळखी ‘कौन्सिल’चे नाव ऐकू आले तर तेथूनच परत फिरावे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : विद्यार्थिनी प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकतात आणि तेथे किती खाटा आहेत? परिचर्या हे वर्गात बसून शिकायचे शास्त्र नव्हे. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण या शिक्षणात अपेक्षित धरले जाते. इमारत चकचकीत आहे, पण संलग्न रुग्णालयातील खाटा रिकाम्या आहेत, अशा ठिकाणी शिकलेल्या मुलीला पहिल्याच नोकरीत सलाइन लावताना घाम फुटतो. चौथा प्रश्न : मागील तुकड्यांतील विद्यार्थिनींची नोंदणी झाली का? शक्य असेल तर त्यांच्यापैकी एक-दोघींशी प्रत्यक्ष बोलावे.

परराज्यात प्रवेश मिळवून देणारे मध्यस्थही भेटतात. तेथे शिकण्यास मनाई नाही. परंतु आधी त्या राज्याच्या परिषदेत नोंदणी आणि मग महाराष्ट्राच्या परिषदेत, असा दुहेरी व्याप करावा लागतो. ‘हजेरीची गरज नाही, फक्त परीक्षेला या’ असे जेथे सांगितले जाते तेथे नोंदणी मिळणार नाही, हे गृहीत धरावे.

लोकल की वसतिगृह?

भिसेगावात राहणाऱ्या विद्यार्थिनीसमोर हा प्रश्न हमखास येतो. कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. लोकलने दोन तासांहून अधिक वेळ लागतो. जे. जे. रुग्णालयासाठी भायखळा आणि केईएमसाठी परळ गाठायचे, तेही सकाळच्या पाळीला वेळेवर, म्हणजे पहाटेच घर सोडावे लागणार. नोकरदार माणूस वर्षानुवर्षे हा प्रवास करतो. पण त्याला रात्री परतल्यावर शरीररचनाशास्त्राचा अभ्यास करायचा नसतो. प्रशिक्षणात सकाळ, दुपार आणि रात्र अशा तिन्ही पाळ्या असतात. म्हणून मुंबईत प्रवेश मिळाला तर वसतिगृह हाच शहाणपणाचा पर्याय. उल्हासनगर, कल्याण, ठाणे या पट्ट्यातील किंवा चौकमार्गे पनवेल, कामोठे, नेरूळ भागातील संस्थांचा विचार करणाऱ्यांनीही आधी एकदा पाळीच्या वेळेला प्रवास करून पाहावा. कागदावरचे अंतर आणि पावसाळ्यातले अंतर यांत फरक असतो.

खर्च आणि दाखले

शासकीय संस्थांतील शुल्क खासगी संस्थांच्या मानाने बरेच कमी असते; म्हणून पसंतीक्रम भरताना त्यांना अग्रस्थान द्यावे. राज्य शासनाने २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत जाहीर केली. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशासाठी आहे. व्यवस्थापन कोट्यासाठी नाही. आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाला व संस्थेला ती लागू होते का, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे. ‘थेट प्रवेश’ स्वीकारण्याच्या घाईत ही सवलत हातची जाते.

कर्जत व खालापूर तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या मोठ्या संख्येने आहेत. तेथील मुलींसाठी पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृहे आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी ‘स्वयं’ योजनेची माहिती मिळते. परंतु या साऱ्यांचा आधार असतो कागदपत्रांचा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र यांसाठी धावाधाव निकालानंतर केली तर प्रवेशाची मुदत टळते. अकरावीतच हे काम सुरू करावे. जात वैधता प्रमाणपत्राला तर सर्वाधिक वेळ लागू शकतो.

पालकांची शंका : रात्रपाळी

मुलीच्या रात्रपाळीची काळजी पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. ती हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. १९७३ साली केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर झालेल्या हल्ल्याने महाराष्ट्र हादरला होता. २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, चार दशकांहून अधिक काळ त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांची सेवा केली ती त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी. या पेशातील धोका आणि या पेशातील माणुसकी अशा दोन्ही बाजू त्या एका घटनेत दिसतात.

आज डॉक्टर-परिचारिकांवरील हिंसेविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा आहे आणि कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा केंद्रीय कायदा आहे. तरीही संस्था निवडताना अंतर्गत तक्रार समिती आहे का, कपडे बदलण्याची स्वतंत्र व सुरक्षित खोली आहे का, रात्रपाळीनंतर वसतिगृहापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था काय, हे प्रश्न पालकांनी निःसंकोच विचारावेत.

पहिली दोन वर्षे

अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पहिले काम नोकरी शोधण्याचे नव्हे, तर नोंदणीचे. ही नोंदणी कायमची नसते. दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि मधल्या काळात सातत्यपूर्ण शिक्षणाचे कार्यक्रम पूर्ण करावे लागतात.

पहिल्या नोकरीत पगाराइतकेच महत्त्व शिकण्याला द्यावे. घराजवळच्या दहा खाटांच्या रुग्णालयात सुरुवातीला दोन पैसे अधिक मिळतील. पण शंभराहून अधिक खाटांच्या रुग्णालयात औषधोपचार, शस्त्रक्रिया, बालरोग, प्रसूती असे कक्ष फिरता येतात आणि अनुभवी परिसेविकेच्या हाताखाली हात बसतो. थेट अतिदक्षता विभागात जाण्याची घाई करू नये. रुग्णाचा श्वास, नाडी, त्वचेचा रंग, बोलण्यातला बदल हे यंत्राआधी आपल्या डोळ्यांना दिसले पाहिजे. ती नजर सामान्य कक्षातच तयार होते. नियुक्तिपत्र, वेतनपावत्या आणि अनुभवाचा दाखला जपून ठेवावा. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणत्याही रुग्णालयाकडे ठेवून घेण्यास देऊ नयेत आणि करारपत्र असल्यास त्यातील मुदत व दंडाचे कलम वाचल्याशिवाय सही करू नये.

या दोन वर्षांच्या अनुभवाला प्रत्यक्ष मोलही आहे. ‘एम्स’ रुग्णालयांतील नर्सिंग ऑफिसर पदासाठी २०२० पासून ‘नॉर्सेट’ ही सामाईक परीक्षा घेतली जाते. बी.एस्सी. झालेल्यांना ती थेट देता येते. जीएनएम झालेल्यांना मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. ज्यांनी पहिली नोकरी विचारपूर्वक निवडली नाही, ते नेमके येथेच अडतात.

पुढच्या पायऱ्या

राज्य शासनाच्या रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी बढतीची शिडी आहे. जिल्हा परिषदेत आरोग्य सेविकेपासून आरोग्य सहायिकेपर्यंत. भरतीच्या जाहिराती नियमित निघत नाहीत, म्हणून मधल्या काळात राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पदांकडेही पाहावे. उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी या पदासाठी बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांचाही विचार होतो. रेल्वे आणि राज्य कामगार विमा योजनेच्या रुग्णालयांतही परिचारिकांची भरती होते. लष्करी परिचर्या सेवेसाठी मुलींना चार वर्षांची पदवी शासकीय खर्चाने घेता येते. त्यासाठी ‘नीट’ परीक्षा द्यावी लागते आणि पुढे ठरावीक काळ सेवेचे बंधन असते. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचे ‘अश्विनी’ नौदल रुग्णालय येथे हे शिक्षण मिळते.

अनुभवानंतर अतिदक्षता, नवजात शिशू, कर्करोग अशा विषयांत एक वर्षाच्या विशेष पदविका आणि दोन वर्षांची एम.एस्सी. हे मार्ग आहेत. परदेशाची ओढ असेल तर ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा, अमेरिकेसाठी ‘एनक्लेक्स’ आणि जर्मनीसाठी जर्मन भाषेचे ‘बी-२’ पातळीपर्यंतचे ज्ञान लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून त्या भाषेच्या वर्गांकडे ओढा वाढला आहे. परंतु तेथेही पहिला कागद मागितला जातो तो नोंदणीचाच. मध्यस्थाला पैसे देण्यापूर्वी त्याचा परवाना केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासावा.

जवळची गरज

दूरच्या संधींची चर्चा करताना जवळचे चित्रही विसरता कामा नये. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौक येथील ग्रामीण रुग्णालये, नेरळ-कळंबसारखी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांखालची उपकेंद्रे यांच्यावर डोंगरपट्ट्यातील वाड्या अवलंबून आहेत. खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. तेथे अपघात घडला की पहिल्या तासातील उपचारांत परिचारिकेचे कौशल्य निर्णायक ठरते. पावसाळ्यात ओढा भरून वाहत असताना वाडीवरच्या बाळंतिणीपर्यंत पोहोचते तीही परिचारिकाच.

१८९१ साली बाई काशीबाई गणपत मुंबईत परिचर्येच्या प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या आणि हे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांची नोंद परिचर्येच्या इतिहासात झाली. त्या काळी त्यांच्यासमोर आखलेली वाट नव्हती. आज भिसेगावातल्या मुलीसमोर ती आहे. टप्पे ठरलेले आहेत, परीक्षा ठरलेल्या आहेत, सवलतीही आहेत. गरज आहे ती घाई न करण्याची. या सुट्टीत पालक आणि मुलीने एका कोऱ्या कागदाच्या तळाशी ‘परिषदेतील नोंदणी’ असे लिहावे आणि तेथून एकेक पायरी वर येत आजच्या दिवसापर्यंत पोहोचावे. जी संस्था, जो वर्ग, जो सल्ला या कागदावर कोठेच बसत नाही, त्यावर एक रुपयाही खर्च करू नये.